परदेशी धनी आणि गांवचा संघ

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांत ब्लॅकबर्न हें कापडगिरण्यांचें जुनें शहर आहे. तेथील मागांवर विणलेलें कापड एके काळीं जहाजें भरभरून हिंदुस्थानांत येत असे. २०१० सालीं या व्यवहाराचा ओघ चमत्कारिक रीतीनें उलटला. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज या कोंबड्यांच्या व्यवसायांतील उद्योगसमूहानें 'ब्लॅकबर्न रोव्हर्स' हा त्या शहराचा फुटबॉलसंघ सुमारें २ कोटि ३० लक्ष पौंडांस विकत घेतला. गांवच्या संघाला परदेशी धनी मिळाला म्हणजे काय होतें, हें समजण्यास मराठी श्रोत्यांना याहून जवळचें उदाहरण सांपडणें कठीण.

हा संघ १८७५ सालचा. १८८८ सालीं ज्या बारा संघांनीं फुटबॉल लीग स्थापन केली, त्यांपैकीं तो एक होय. पुढें संघांच्या कंपन्या झाल्या, तरी त्यांचे भाग बहुधा गांवांतील कारखानदार व दुकानदार यांच्याच हातीं असत. भागधारकांना किती नफा वांटावा यावर फुटबॉल असोसिएशननें मर्यादा घातली होती आणि संचालकांना वेतन घेण्याची मनाई होती. संघ चालविणें हा धंदा नसून गांवच्या प्रतिष्ठेचें काम आहे, असा त्यामागील हेतु. कालांतरानें हीं बंधनें सैल झालीं. १९८३ सालीं लंडनच्या टॉटनहॅम संघाचे भाग शेअरबाजारांत आले. १९९२ सालीं प्रीमियर लीग निघाली आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा वाहूं लागला. जगांतील धनिकांची दृष्टि या खेळाकडे वळली ती त्यानंतर.

या धनिकांची रीत मात्र एकसारखी नव्हती. रशियाचे रोमान अब्रामोविच यांनीं २००३ सालीं चेल्सी संघ घेतला, पाण्यासारखा पैसा ओतला आणि दोन वर्षांत, पन्नास वर्षांच्या खंडानंतर, त्याला लीगचें विजेतेपद मिळवून दिलें. अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्या मालकीखालीं २००८ पासून मँचेस्टर सिटीचाही तसाच कायापालट झाला. उलट, अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानें २००५ सालीं मँचेस्टर युनायटेड घेतांना काढलेल्या कर्जाचा मोठा भाग संघाच्याच माथीं बसला. बैल विकत घ्यावा आणि त्याच्या किंमतीचें ओझें त्याच्याच पाठीवर लादावें, तसा हा प्रकार. संतापलेल्या कांहीं चाहत्यांनीं त्याच वर्षीं स्वतःचा निराळा संघ काढला.

एक श्रीमंत संघ खेळाडूंचें वेतन वाढवितो, तेव्हां इतरांपुढें फारसे मार्ग उरत नाहींत. मागें पडावें, कर्ज काढावें किंवा आपणही एखादा धनिक शोधावा.

मग दोष परकेपणाचा आहे काय? ब्लॅकबर्नचा इतिहास तसें सांगत नाहीं. १९९५ सालीं या संघानें लीग जिंकली ती जॅक वॉकर या गांवच्याच पोलाद-व्यापाऱ्याच्या पैशावर. एका माणसाच्या थैलीवर जगण्याची संवय संघाला पुण्याहून कोणी येण्यापूर्वींच जडली होती. २००० सालीं वॉकर वारले आणि दहा वर्षांनीं संघ विकला गेला. नव्या मालकांनीं थोड्याच आठवड्यांत सॅम अलार्डाइस या अनुभवी व्यवस्थापकास दूर केलें. २०१२ सालीं संघ वरच्या श्रेणींतून घसरला. त्या वेळीं प्रेक्षकांतून मैदानांत एक कोंबडी सोडण्यांत आली. २०१७ सालीं तो तिसऱ्या श्रेणींत उतरला व पुढल्या वर्षीं एक पायरी वर आला. मालकांनीं वर्षानुवर्षें संघाचा तोटा भरून काढला, हेंही तितकेंच खरें. परंतु धनी हजारों मैल दूर. निर्णय कोण व कां घेतो, हें गांवाला कळेना.

एका थैलीवरचा हा भरंवसा किती कच्चा असतो, तें २०२२ सालीं चेल्सीनें अनुभविलें. युक्रेनवरील आक्रमणानंतर ब्रिटिश सरकारनें अब्रामोविच यांची मालमत्ता गोठविली आणि संघाला नवीं तिकिटें विकणेंही अशक्य झालें. अखेर तो नव्या मालकांना विकावा लागला.

माल पसंत न पडल्यास गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें. ब्लॅकबर्नचा चाहता शेजारच्या गांवच्या संघाकडे जात नाहीं. त्याची ही निष्ठा मालकाला आयती मिळते, म्हणूनच तिला कायद्याचें संरक्षण हवें. जर्मनींत थोडे अपवाद सोडल्यास संघाच्या मतांचा अर्ध्याहून अधिक वांटा सभासदांच्या हातीं राहतो. इंग्लंडमध्यें २०२१ सालीं सहा बड्या संघांनीं निराळ्या युरोपीय स्पर्धेचा घाट घातला. चाहत्यांच्या रोषापुढें तो कांहीं दिवसांतच मोडला. त्यानंतर झालेल्या चौकशींतून २०२५ सालचा कायदा व स्वतंत्र नियामक निर्माण झाला. मालकाची पात्रता व संघाची आर्थिक स्थिति तपासणें हें त्याचें काम. मैदान विकावयाचें तर त्याची संमति हवी, आणि संघाचें चिन्ह किंवा रंग बदलावयाचे तर चाहत्यांचें मत घेतलें पाहिजे. धनी देशी असो वा परदेशी, त्याला इतकें विचारण्याचा हक्क गांवाला आतां मिळाला आहे.