घरचा संगणक वारंवार का बंद पडतो?

घरातला संगणक चालता चालता अकस्मात थांबावा, पडदा निळा व्हावा, त्यावर मेमरीविषयी काही दुर्बोध सूचना उमटावी आणि यंत्र आपण होऊन पुन्हा सुरू व्हावे, हा अनुभव आज पुष्कळ कुटुंबांना येतो. असे एखादे वेळी घडले तर फारसे मनावर घेण्याचे कारण नाही. परंतु ते वारंवार घडू लागले म्हणजे कोणी नवा संगणक घेण्यास निघतो, तर कोणी निमूटपणे बटण दाबून पुन्हा कामास लागतो. पहिल्या मार्गात पैसा व्यर्थ जातो. दुसऱ्यात त्याहून मोलाची अशी आपली माहिती बिघडण्याचा संभव असतो.

हे नीट कळण्यासाठी मेमरी म्हणजे काय ते पाहू. संगणकाची डिस्क ही वही मानली, तर मेमरी ही पाटी होय. वहीतला मजकूर पाटीवर घ्यावयाचा, त्यावर काम करावयाचे आणि तो पुन्हा वहीत उतरावयाचा, असा हा क्रम असतो. ही पाटी अब्जावधी सूक्ष्म विद्युत्‌कोशांची बनलेली असते. भारित कोश म्हणजे एक, रिकामा कोश म्हणजे शून्य. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले. कोशातला भार सारखा झिरपत असल्यामुळे तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की झिरपणेही वाढते.

आता एखादा कोश सदोष आहे असे समजा. शिक्षकाने ७२ गुण लिहिले आणि त्या संख्येतील चौसष्टाच्या स्थानचा एक पुसला गेला, तर उरतात केवळ ८. यंत्र बंद पडत नाही, सूचना येत नाही. चुकीचा आकडा मुकाट्याने वहीत उतरतो. बंद पडणारे यंत्र निदान इशारा तरी देते. गूगलच्या संगणकांचा सुमारे अडीच वर्षे अभ्यास करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, वर्षाकाठी शंभरांपैकी आठांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत चुका आढळल्याचे नमूद आहे. आणि त्यांतील बहुतेक चुका आकस्मिक नसून पट्टीतल्याच दोषामुळे होत्या. त्या संगणकांत चूक ओळखणारी योजना असते. घरगुती संगणकांत ती बहुधा नसते.

तेव्हा प्रथम महत्त्वाच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत वेगळ्या ठिकाणी घ्यावी. मात्र जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी ठेवू नये. कारण नवी प्रत बिघडलेली असू शकते.

त्यानंतर परीक्षा. मेमरी अपुरी पडणे आणि मेमरी सदोष असणे या दोन भिन्न गोष्टी होत. अपुरी असेल तर काही कार्यक्रम बंद केल्याने भागते. दोष पाहावयाचा असल्यास विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ हे साधन आहे. अधिक कसून तपासण्यासाठी ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एक जरी चूक दिसली तरी परीक्षा नापास समजावी. मेमरीचा वेग मुद्दाम वाढविलेला असेल, तर तो मूळ प्रमाणावर आणून परीक्षा पुन्हा घ्यावी.

चुका उरल्याच तर संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, उघड्या धातूस हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी आणि पट्ट्या अलगद काढाव्यात. आमच्या सुरतेस समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमट; शिवाय उधना-लिंबायतकडील यंत्रमागांच्या वस्त्यांत कापडाचे बारीक तंतू हवेत तरंगतात. त्यामुळे पट्टीच्या टोकांवर मळ बसतो आणि पंखेही तुंबतात. पंखे स्वच्छ करावेत, पट्टीची सोनेरी टोके मऊ कोरड्या कापडाने पुसावीत. खोडरबराने ती घासण्याची रीत प्रचलित आहे, पण त्याचा चुरा खाचेत अडकतो.

मग एका वेळी एकच पट्टी, एकाच खाचेत बसवून तपासावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा. कोणतीही पट्टी घातली तरी ठरावीक खाचेतच चूक दिसली तर दोष खाचेचा, म्हणजे मदरबोर्डचा. पुन्हा बसविल्यावर चूक नाहीशी झाली तर दोष सैल जोडणीचा किंवा मळाचा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर उत्तर कधीच सापडणार नाही. परीक्षेत चूकच न आढळल्यास वीजपुरवठ्याचे यंत्र, उष्णता, डिस्क व नव्याने घातलेले ड्रायव्हर यांकडे वळावे. काही लॅपटॉपमध्ये मेमरी झाळून पक्की बसविलेली असते. तेथे मात्र कारागिराकडेच जावे.

पट्टी सदोष ठरली तर पावती शोधावी. कित्येक उत्पादक दीर्घ मुदतीची हमी देतात. दुकानात जाताना कोणती पट्टी कोणत्या खाचेत नापास झाली, हे कागदावर लिहून न्यावे. म्हणजे जेथे एका पट्टीने भागते, तेथे संपूर्ण संगणक बदलण्याचा खर्च आपल्या माथी येणार नाही.