लेथवरच कापा की-वे!

पिंपळनेरसारख्या गावात कडबाकुट्टीच्या एका पुलीत की-वे कापायचा, तर स्लॉटिंग मशीनच हवं असं नाही. लेथवर स्पिंडल न फिरेल असं रोखायचं, 8 मिमी रुंदीचं टूल बोअरिंग बारमध्ये आडवं बांधायचं आणि कॅरेज हाताने पुढे-मागे ढकलत खाच कोरायची. 25 मिमी शाफ्टला 8 बाय 7 ची चावी लागते. पुलीतली खाच साधारण 3.3 मिमी खोल. दर फेरीला 0.05 मिमी घेतलं तर साठ-सत्तर फेऱ्या होतात. कंटाळवाणं खरं, पण एका नगासाठी धुळ्याची चक्कर त्याहून महाग.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की यात रॅक-पिनियन झिजतं. जाड काप घेतला तर झिजेलच, टूलही वाकून खाच निमुळती होईल. म्हणून काप बारीक ठेवायचा आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्या टूल पुढे न सरकवता मारायच्या. बीड कोरडंच कापावं, पोलादाला तेल द्यावं. टूलच्या रुंदीचा मध्य मात्र नेमका सेंटरच्या उंचीवर हवा (घाईत हेच राहतं), नाहीतर खाच एका बाजूला सरकते. रोज पन्नास पुल्या करायच्या असतील, तर सरळ स्लॉटर घ्या. लेथवर कापणार असाल, तर मोटारीचा मेन स्विच आधी बंद करा, मगच हात घाला.