न खोडलेली एक नोंद

लॉकर विभागात जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवली जाते, आणि आत कोणीही उरलेले नाही याची खात्री झाल्यावरच दालन बंद केले जाते. संगणकाच्या अंतरंगातही अशीच एक नोंदवही असते. तिच्यातील एक नोंद खोडावयाची राहून गेल्याने केवढा धोका संभवतो, हे जानेवारी २०१६ मध्ये जगासमोर आले.

संगणकाची स्मृती, तबकडी व इतर साधने यांवर ज्याचे नियंत्रण असते, त्या मूलभूत आज्ञावलीस ‘कर्नल’ म्हणजेच गाभा म्हणतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभ केलेला लिनक्स हा गाभा आज असंख्य सर्व्हरमध्ये आणि अँड्रॉइड फोनमध्ये वापरला जातो. माहिती सांकेतिक रूपात बदलण्यासाठी लागणाऱ्या गुप्त किल्ल्या सांभाळण्याची व्यवस्थाही या गाभ्यात आहे. या किल्ल्या ‘की-रिंग’मध्ये, म्हणजे जणू किल्ल्यांच्या जुडग्यात, ठेवलेल्या असतात.

एका जुडग्याचा वापर अनेक जण करू शकतात. म्हणून किती जण तो वापरत आहेत याची मोजणी गाभा ठेवतो. नवा वापर सुरू झाला की एक मिळवायचा, संपला की एक वजा करायचा. मोजणी शून्यावर आली की जुडग्याने व्यापलेली स्मृती मोकळी करून अन्य कामास दिली जाते.

दोष नेमका येथेच होता. एखाद्या प्रोग्रामने जुडगा मागितला की गाभा तो शोधून मोजणीत एक मिळवीत असे. मागितलेला जुडगा आधीपासूनच त्या प्रोग्रामकडे असेल, तर पुढे करण्यासारखे काही नसे आणि काम तेथेच संपे. मात्र मिळवलेला एक वजा करण्याचे राहून जाई. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.८ या आवृत्तीपासून ही त्रुटी गाभ्यात होती.

एक जादा नोंद तशी निरुपद्रवी वाटते. परंतु मोजणीसाठी ३२ बिटांचीच जागा होती. वाहनाचा अंतरमापक सर्व नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर येतो, तशी ही मोजणी ४,२९,४९,६७,२९६ पावलांनंतर फिरून शून्यावर येई. मग जुडगा कोणीच वापरत नाही असे समजून गाभा ती स्मृती मोकळी करी. प्रत्यक्षात प्रोग्राम तो वापरतच असे. एका खातेदाराच्या ताब्यातील लॉकर दुसऱ्यास देण्यासारखाच हा प्रकार! त्या मोकळ्या जागेत हल्लेखोराने स्वतःचा मजकूर पेरला, की गाभा त्यास विश्वसनीय मानी आणि संगणकाचे सर्वाधिकार हल्लेखोराच्या हाती जात. दोष उघड करणाऱ्या ‘पर्सेप्शन पॉइंट’ या संस्थेच्या संशोधकांना नेहमीच्या वापरातील प्रोसेसरवर हे घडवून आणण्यास सुमारे अर्धा तास लागला.

हा हल्ला दुरून करता येत नसे. हल्लेखोराचा प्रोग्राम त्या यंत्रावर आधी चालू असणे आवश्यक होते. बहुसंख्य अँड्रॉइड फोन बाधित असल्याचे संशोधकांनी म्हटले होते, तर ही संख्या त्याहून बरीच कमी असल्याचे गूगलने सांगितले.

दुरुस्ती मात्र अवघ्या एका ओळीची होती: काम संपण्यापूर्वी जुडगा परत केल्याची नोंद करणे. पुढे २०१७ मध्ये लिनक्समध्ये मोजणीची नवी, अधिक सुरक्षित पद्धत आली. तीत मोजणी कमाल मर्यादेस पोहोचली की शून्यावर न फिरता तेथेच थांबते. अशा वेळी थोडी स्मृती वाया जाते, पण वापरात असलेली जागा दुसऱ्याच्या हाती पडत नाही.

ग्राहकांनी यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. फोन व संगणकासाठी येणारी सुरक्षा-सुधारणा लांबणीवर टाकू नये, कारण दोष जाहीर झाला की तो हल्लेखोरांनाही कळलेला असतो. तसेच अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप घेऊ नये. अशा हल्ल्यास लागणारा पहिला प्रवेश त्यातूनच मिळतो.

कर्मचारीवर्गासही हे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे. ही चूक गुंतागुंतीच्या गणितात झाली नव्हती. ‘येथे काही करावयाचे नाही’ असे ज्या टप्प्यावर वाटले, तेथेच ती सुमारे तीन वर्षे दडून राहिली. ताळमेळ तपासताना ज्या व्यवहारात काहीच घडले नाही असे दिसते, त्यावरूनही एकवार नजर फिरविणे म्हणूनच हिताचे ठरते.