करड्या देवमाशाचे स्थलांतर

उत्तर पॅसिफिक महासागरातील करडा देवमासा दरवर्षी ध्रुवीय समुद्रातील अन्नक्षेत्र व उपोष्ण प्रदेशातील प्रजननक्षेत्र यांच्या दरम्यान जो नियमित प्रवास करतो त्याला करड्या देवमाशाचे स्थलांतर म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या सर्वांत लांब स्थलांतरांत त्याची गणना होते. महासागराच्या पाण्याचे तापमान वाढू लागल्यापासून या प्रवासाच्या वेळापत्रकाला शास्त्रीय दृष्ट्या विशेष महत्त्व आले आहे.

करडा देवमासा हा तिमि-अस्थी (बलीन) असलेल्या देवमाशांपैकी असून त्याच्या कुलात आज ही एकच जाती जिवंत आहे. शास्त्रीय नाव एश्रिक्टियस रोबस्टस. प्रजातीचे नाव एश्रिक्ट या डॅनिश प्राणिवैज्ञानिकांवरून दिलेले आहे. प्रौढ प्राण्याची लांबी १२ ते १५ मी. व वजन ४० टनांपर्यंत असते; मादी नरापेक्षा किंचित मोठी असते. रंग करडा असून त्यावर पांढरट ठिपके व चट्टे असतात. त्वचेवर बार्नेकल व देवमाशाच्या उवा यांच्या वसाहती आढळतात. पृष्ठपक्ष नसतो, त्या जागी एक बसका उंचवटा व त्यामागे लहान गाठींची ओळ असते. अटलांटिक महासागरातील हे देवमासे अठराव्या शतकाच्या सुमारास नाहीसे झाले. पॅसिफिकमध्ये पूर्वेकडील समूह मोठा, तर पश्चिमेकडील फार लहान आहे. भारतीय समुद्रांत हा प्राणी आढळत नाही.

मार्ग व वेळापत्रक : उन्हाळ्यात पूर्वेकडील समूहातील बहुतेक देवमासे बेरिंग व चुक्ची या उथळ समुद्रांत चरतात. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले, की ते दक्षिणेकडे निघतात. दिवसमानातील घट ही निघण्याची मुख्य सूचना असावी, असे मानले जाते. अल्यूशन बेटांमधील युनिमॅक खिंडीतून बाहेर पडून ते अलास्का, कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या किनाऱ्याजवळून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पापर्यंत जातात. तेथील ओहो दे लिएब्रे व सान इग्नास्यो ही खारकच्छे आणि माग्दालेना उपसागर ही त्यांची प्रमुख प्रजननक्षेत्रे होत. जाण्यायेण्याचे एकूण अंतर सु. १५,००० ते २०,००० किमी. भरते. ताशी सु. ६ ते ८ किमी. वेगाने एका बाजूचा प्रवास दोन ते तीन महिन्यांत पुरा होतो.

प्रवासाचा क्रमही ठरलेला असतो. दक्षिणेकडे जाताना गर्भार माद्या सर्वांच्या पुढे असतात. गर्भावधी सु. १३ महिन्यांचा असून पिल्ले मुख्यतः जानेवारीच्या सुमारास जन्मतात. परतीच्या प्रवासात फेब्रुवारीपासून प्रथम नव्याने गर्भ राहिलेल्या माद्या, नर व अल्पवयीन प्राणी निघतात. पिल्ले असलेल्या माद्या सर्वांत शेवटी, एप्रिल-मेमध्ये, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून जातात. तोपर्यंत शांत, उबदार पाण्यात आईचे स्निग्ध दूध पिऊन पिलांच्या अंगावर पुरेशी चरबी चढलेली असते.

या संपूर्ण काळात प्रौढ प्राणी जवळजवळ काही खात नाहीत. उन्हाळ्यात त्वचेखाली साठविलेल्या चरबीवर (तिमिवसेवर) त्यांचा निर्वाह चालतो. मादीला याच साठ्यातून गर्भाचे पोषण व पिलाचे दूध यांचा खर्च भागवावा लागतो. त्यामुळे उत्तरेकडे केव्हा पोहोचता येते, तेथे किती दिवस चरता येते व काय खायला मिळते, या तीन गोष्टींवर पुढील वर्षाचे जगणे अवलंबून असते.

शिकार व संरक्षण : प्रवासातील नियमितपणा व किनाऱ्याची जवळीक यांमुळे हा देवमासा शिकाऱ्यांच्या हाती सहज सापडत असे. १८५७–५८ च्या हिवाळ्यात चार्ल्स मेलव्हिल स्कॅमन हा अमेरिकन कप्तान ओहो दे लिएब्रे खारकच्छात शिरला आणि त्यानंतर प्रजननक्षेत्रांतच माद्या व पिल्ले यांची कत्तल सुरू झाली. पिलांच्या रक्षणासाठी माद्या नावांवर चालून येत, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांना ‘सैतान-मासा’ असे नाव दिले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही जाती नष्ट झाल्याचा समज पसरला होता. पुढे १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये तिच्या व्यापारी शिकारीवर बंदी कायम झाली, १९७२ मध्ये मेक्सिकोने ओहो दे लिएब्रे हे आश्रयस्थान घोषित केले आणि संख्या वाढत गेली. १९९४ मध्ये अमेरिकेने पूर्वेकडील समूहाचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळले.

अन्न व सागरी बर्फ : इतर बलीन देवमाशांप्रमाणे करडा देवमासा पाण्यातील प्लवकांवर मुख्यत्वे अवलंबून नाही. तो कुशीवर वळून समुद्रतळाचा गाळ तोंडात ओढतो आणि आखूड तिमि-अस्थींच्या गाळणीतून पाणी व चिखल बाहेर टाकून त्यातील प्राणी गिळतो. तळाच्या चिखलात नळ्या करून राहणारे अँफिपॉड नावाचे कोळंबीसारखे लहान कवचधारी प्राणी हे त्याचे मुख्य अन्न होय.

या अन्नाचा उगम सागरी बर्फाशी निगडित आहे. बर्फाच्या खालच्या पृष्ठावर शैवले वाढतात आणि वसंतात बर्फ मागे सरत असताना त्याच्या कडेशी सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो. त्या वेळी पाणी अतिशय थंड असल्याने त्यांवर चरणारे प्राणिप्लवक थोडे असतात. म्हणून बहराचा मोठा भाग न खाल्ला जाता उथळ समुद्राच्या तळाशी बसतो व अँफिपॉडांचे पोषण करतो. बर्फ लवकर गेला, तर बहर पुढे उबदार, उघड्या पाण्यात येतो, प्राणिप्लवक तो वरच्या वर फस्त करतात आणि तळाशी कमी अन्न पोहोचते.

अशा रीतीने देवमाशाच्या दृष्टीने बर्फाचे कार्य दुहेरी आहे. तो अन्नक्षेत्राचे दार अडवून धरतो आणि त्याच अन्नाची पैदासही करतो. तापमानवाढीच्या परिणामांत प्रथमदर्शनी जी विसंगती दिसते तिचे मूळ या दुहेरी कार्यात आहे.

वेळापत्रकातील बदल : कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या देवमाशांची पद्धतशीर गणना १९६७ मध्ये सुरू झाली, माँटेरेजवळील ग्रॅनिट कॅन्यन हे तिचे मुख्य ठाणे होय. निम्मे देवमासे ज्या दिवसापर्यंत पुढे गेलेले असतात तो मध्यक दिनांक १९८० पूर्वी सरासरीने ८ जानेवारी होता. त्यानंतर तो १५ जानेवारीच्या सुमारास आला. १९७६–७७ मध्ये उत्तर पॅसिफिकच्या हवामानात मोठे स्थित्यंतर घडले होते. अन्नासाठी देवमासे अधिक उत्तरेकडे जाऊ लागल्याने परतीचे अंतर वाढले, हे या विलंबाचे संभाव्य कारण दिले जाते. याच काळापासून खारकच्छांत पोहोचण्यापूर्वी, वाटेतच जन्मलेली पिल्ले कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अधिक दिसू लागली. अशा पिलांना थंड पाणी, लाटा व शिकारी देवमासे (ओर्का) यांना लवकर तोंड द्यावे लागते. २००३–०४ च्या हिवाळ्यात अलास्काच्या उत्तर टोकाजवळील पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी करड्या देवमाशांचे आवाज टिपले. म्हणजे काही प्राणी त्या वर्षी दक्षिणेकडे गेलेच नव्हते.

पिल्ले घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या माद्यांची गणना १९९४ पासून कॅलिफोर्नियातील पिएद्रास ब्लांकास येथे होते. वसंतात बर्फ उशिरापर्यंत टिकला, की पुढील वर्षी पिल्ले कमी आणि बर्फ लवकर हटला, की अधिक, असा संबंध तीतून आढळला. गर्भार मादीला चरण्यास जितके अधिक दिवस मिळतील तितका गर्भ टिकण्याचा संभव वाढतो, हे त्यामागील कारण होय. त्यावरून बर्फाची घट या प्राण्याला हितकारक ठरेल, अशी अपेक्षा करण्यास जागा होती.

मृत्यूच्या लाटा : ही अपेक्षा अपुरी ठरली. १९९९ व २००० या दोन वर्षांत उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सहाशेंहून अधिक मृत करडे देवमासे वाहून आले. अनेक प्राणी अत्यंत कृश होते. त्यानंतर संख्या सावरून २०१६ च्या सुमारास सु. २७,००० झाली. बेरिंग समुद्रावरील बर्फ २०१८ च्या हिवाळ्यात पूर्वी कधी नव्हता इतका घटला. डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२३ या काळात मेक्सिको, अमेरिका व कॅनडा यांच्या किनाऱ्यांवर ६९० मृत देवमाशांची नोंद झाली. अन्नक्षेत्रांतील बदलांमुळे झालेली उपासमार हे त्याचे मुख्य कारण ठरविण्यात आले. समुद्रात बुडणारी प्रेते यात मोजली जात नसल्याने प्रत्यक्ष मृत्यू याहून बरेच अधिक होते. २०२५ च्या हिवाळ्यातील अंदाजानुसार संख्या सु. १३,००० म्हणजे १९७० च्या दशकानंतरची सर्वांत कमी भरली. त्या वसंतात पिल्ले केवळ सु. ८५ होती, १९९४ पासूनचा हा नीचांक होय.

गणनेच्या आकडेवारीचे एकत्र विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अन्नक्षेत्रातील बर्फ फार काळ टिकणे व तळावरील अँफिपॉडांचे प्रमाण घटणे, या दोन गोष्टींशी संख्येतील मोठ्या घटींचा संबंध त्यात दाखविला आहे. बर्फाची वर्षावर्षातील घट दार लवकर उघडते. दीर्घकालीन घट मात्र कोठारच रिकामे करते. बर्फाच्या आवरणाखाली मंद राहणारे प्रवाह त्याच्या अभावी जोर धरतात व अँफिपॉडांना लागणारा बारीक गाळ वाहून नेतात, हेही एक कारण संभवते. उत्तर बेरिंग समुद्रातील चिरिकोव्ह खोऱ्यात १९८० च्या दशकापासून अँफिपॉडांची दाटी कमी झाली असून देवमाशांची वर्दळ चुक्ची समुद्राकडे सरकली आहे.

अनुकूलनाची शक्यता : गेल्या हिमयुगाच्या परमोच्च काळी समुद्रपातळी सु. १२० मी. खाली गेल्याने बेरिंग समुद्राचे आजचे उथळ अन्नक्षेत्र कोरडी जमीन होते. तरीही ही जाती तगून राहिली. तेव्हा तिने अन्य अन्नावर निर्वाह केला असला पाहिजे. आजही सु. दोनशे देवमाशांचा एक समूह आर्क्टिकपर्यंत न जाता उत्तर कॅलिफोर्निया ते व्हँकूव्हर बेट या पट्ट्यात उन्हाळा घालवितो व मायसिड नावाचे पोहणारे कवचधारी प्राणी खातो. २०१० मध्ये भूमध्य समुद्रात, २०१३ मध्ये नामिबियाजवळ आणि २०२३–२४ मध्ये फ्लॉरिडा व न्यू इंग्लंडजवळ एकेक करडा देवमासा दिसला. आर्क्टिकमधील बर्फ हटल्याने ते अटलांटिककडे आले असावेत.

मात्र नव्या सवयींबरोबर नवे धोकेही येतात. भुकेले देवमासे वाटेतील सान फ्रॅन्सिस्को उपसागरात शिरू लागले असून तेथे जहाजांच्या धडकेने काही मृत्युमुखी पडले आहेत. जहाजांचा वेग मर्यादित करणे व मासेमारीच्या दोरांत प्राणी अडकू नयेत यासाठी हंगामाची आखणी करणे, हे उपाय किनाऱ्यावरील राष्ट्रांच्या हाती आहेत. शिकारीपासून ही जाती बंदी व आश्रयस्थान यांमुळे वाचू शकली. तिच्या अन्नाचे रक्षण अशा कायद्यांनी होण्यासारखे नाही. ते महासागराच्या तापमानवाढीला आळा घालण्यावरच अवलंबून आहे.