जर्मनी की फ्रान्स? जयपूरच्या घरातला नवा प्रश्न

जयपूरचे जंतरमंतर पाहणाऱ्या पुष्कळांना एक गोष्ट ठाऊक नसते. ही वेधशाळा उभारणाऱ्या सवाई जयसिंगांनी युरोपातले पंडित मुद्दाम बोलावून घेतले होते. १७३४ साली चंद्रनगरहून दोन फ्रेंच पाद्री आले, १७४० मध्ये दोन जर्मन आले. चौघेही खगोलशास्त्राचे जाणकार!

आता प्रवासाची दिशा उलटी झाली आहे. २५ जानेवारी २०२४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रों पंतप्रधान नरेंद्र मोदींबरोबर याच जंतरमंतरात फिरले. दुसऱ्याच दिवशी, प्रजासत्ताकदिनी, त्यांनी इरादा जाहीर केला : २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये हवेत. तेव्हा तिथे सुमारे दहा हजार होते. शेजारच्या जर्मनीत मात्र २०२३-२४च्या हिवाळी सत्रात ४९ हजारांहून अधिक भारतीय शिकत होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत पहिला क्रमांक भारतीयांचाच.

एवढा फरक का? पहिले कारण फीचे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला दीड हजार युरो मोजावे लागतात. फ्रान्सने २०१९ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळी फी ठरवली. तेव्हा ती पदवीसाठी वर्षाला २,७७० आणि पदव्युत्तरसाठी ३,७७० युरो होती. काही विद्यापीठे त्यात सूट देतात. खासगी व्यवस्थापन संस्थांची फी याहून कितीतरी जास्त असते.

पण ‘फुकट’ या शब्दाला भुलून चालत नाही. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच खास खात्यात भरून ठेवण्याची पद्धत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो झाली. म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक! पैसे विद्यार्थ्याचेच, पण ते दरमहा ठराविक हप्त्यानेच हाती येतात. २०२४ मध्ये फ्रान्सचा नियम सौम्य होता. महिन्याला ६१५ युरोंची सोय दाखवली की पुरे. मात्र पॅरिसचे घरभाडे एवढ्यात भागेल, या भ्रमात कोणी राहू नये.

शिकता शिकता कमावण्याची मुभा दोन्हीकडे आहे. फ्रान्समध्ये वर्षाला ९६४ तास, तर जर्मनीत मार्च २०२४ पासून १४० पूर्ण दिवस. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी अठरा महिने देते. फ्रान्सनेही एक आमिष ठेवले आहे. तिथे निदान एक सत्र शिकलेल्या आणि पदव्युत्तर पदवी असलेल्या भारतीयांना पाच वर्षांचा अल्प मुक्कामाचा व्हिसा देण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली.

खरी परीक्षा भाषेची. इंग्रजीतून पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन्ही देशांत मिळतात. पण घरमालक, दुकानदार आणि बहुतेक नोकऱ्या स्थानिक भाषेतच बोलतात. वर्गात इंग्रजीवर निभावलेला विद्यार्थी नोकरीच्या दारात अडतो, तो इथेच.

म्हणून घर गहाण टाकण्यापूर्वी आईवडिलांनी मुलामुलींना तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या वर्षाचे सगळे पैसे आज उभे राहतील का? निवडलेल्या विषयाला तिथे मागणी आहे का? आणि विमानात बसण्यापूर्वी वर्षभर ती भाषा शिकायची तयारी आहे का? तिसऱ्या प्रश्नाला मनापासून ‘हो’ आले, तर देशाची निवड निम्मी झालीच म्हणायची!