नववी ते चौदावी

अमेरिकेत शाळा बारावीला संपते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, क्राउन हाइट्स वस्तीतल्या आल्बनी अव्हेन्यूवर मात्र एक सरकारी शाळा अशी आहे, की तिथे मुलं नववीत येतात आणि चौदावी करून बाहेर पडतात. तिचं पूर्ण नाव पाथवेज इन टेक्नॉलॉजी अर्ली कॉलेज हायस्कूल. सगळे म्हणतात पी-टेक. सहा वर्षांचा अभ्यास, फी एक पैसाही नाही, आणि शेवटी शालान्त डिप्लोम्याबरोबर सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कची असोसिएट पदवी. ही पदवी दोन वर्षांची असते. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोम्याशी तिचं नातं जवळचं. विषय संगणकाचा किंवा इलेक्ट्रोमेकॅनिकल इंजिनिअरिंगचा.

2011च्या सप्टेंबरात शाळा भरली, तेव्हा इमारत रिकामी नव्हती. पॉल रोबसन यांच्या नावाचं हायस्कूल तिथे आधीपासून होतं. निकाल खालावले म्हणून शहराने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं होतं. त्यामुळे काही वर्षं एकाच छपराखाली एक शाळा वर्गावर्गाने आटत होती आणि दुसरी वर्गावर्गाने भरत होती. समोरच्या जिन्यावरून नव्या शाळेची पोरं चढताना जुन्या शाळेच्या शेवटच्या तुकड्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न पी-टेकचं कौतुक करतानाही माझ्या मनातून जात नाही.

रोबसन जगाला ठाऊक आहेत ते गायक आणि नट म्हणून. पण ते कोलंबिया विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर होते. न्यूयॉर्कमधल्या एका वकिली कचेरीत त्यांना जागाही मिळाली होती. तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने कृष्णवर्णीय माणसाचा मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला आणि त्यांनी वकिली कायमची सोडली. पदवी आणि कचेरी यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. रोबसनसारख्या बुद्धिमान माणसालाही तो नुसत्या गुणांवर ओलांडता आला नाही. त्यांच्या नावाच्या इमारतीत शंभर वर्षांच्या आत सुरू झालेल्या या शाळेची सगळी मांडणी त्या उंबरठ्यासाठीच आहे, असं मला वाटतं.

क्राउन हाइट्स ही वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आलेल्या कुटुंबांची जुनी वस्ती. पी-टेकची बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, आणि घरची परिस्थिती बेताची. आज त्यांना कोणी तोंडावर नकार देत नाही. पण नात्यात, शेजारात कोणी इंजिनिअर नसेल, तर तो माणूस दिवसभर नेमकं काय करतो हे मुलाला कळणार कुठून? पुस्तकातून ते कळत नाही. ते ओळखीने कळतं, आणि ओळख हीच गरिबाच्या घरात सर्वांत दुर्मिळ असते.

ही ओळख शाळेच्या वेळापत्रकात बसवण्याचं काम तिघांनी मिळून केलं: शहराचं शिक्षण खातं, सिटी युनिव्हर्सिटी आणि आयबीएम. आयबीएमच्या बाजूने पुढाकार होता स्टॅन्ली लिटॉ यांचा. कंपनीत येण्याआधी ते याच शहराच्या शाळांचे उपप्रमुख होते, म्हणजे दोन्ही घरचा कारभार पाहिलेला माणूस. संस्थापक मुख्याध्यापक रशीद डेव्हिस. कंपनीने आपल्याकडच्या सुरुवातीच्या पातळीवरच्या नोकऱ्या समोर मांडल्या, त्यांना लागणारी कौशल्यं लिहून काढली आणि तिथून उलट्या दिशेने येत अभ्यासक्रम बेतला गेला. प्रत्येक मुलाला कंपनीतला एक मार्गदर्शक मिळतो. मुलं कचेऱ्या पाहून येतात, चारचौघांत उभं राहून आपलं काम समजावून सांगायला शिकतात आणि पुढच्या वर्षांत उन्हाळ्याच्या सुट्टीत पगारी इंटर्नशिप करतात.

त्यातला ‘पगारी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘कमवा आणि शिका’ म्हटलं की आपल्याला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. तिथे मुलाच्या श्रमातून शिक्षणाचा खर्च निघावा हा विचार होता. पी-टेकमध्ये फीच नाही, तरी पैशाचा प्रश्न उरतोच. सुट्टीत घरी चार पैसे आणावे लागतात त्या मुलाला फुकटची इंटर्नशिप परवडत नाही. तो दुकानात कामाला लागतो. वेतन दिलं की त्याला दोन्हींतून एक निवडावं लागत नाही.

प्रवेशपरीक्षा नाही, हे मला या शाळेचं सर्वांत मोठं धाडस वाटतं. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. निवडून घेतलेल्या हुशार मुलांना इंजिनिअर करून दाखवणाऱ्या शाळा न्यूयॉर्कमध्ये पूर्वीपासून आहेत.

पण याच धाडसाची किंमतही मोजावी लागली. गणितात कच्ची असलेली मुलं वर्ष-दोन वर्षांत डाउनटाउन ब्रुकलिनमधल्या सिटी टेक कॉलेजच्या वर्गात बसू लागली, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यातली काही नापास झाली. शाळेतला नापासाचा शेरा पुसला जातो. कॉलेजचा गुणपत्रकावर राहतो. सोळाव्या वर्षी असा डाग लागू देणं ही मोठ्यांची चूक, मुलांची नव्हे. सहा वर्षं हाताशी असताना घाई कशाला?

सोडतीमुळे एक गोष्ट मात्र नीट तपासता आली. नाव लागलेली मुलं आणि थोडक्यात हुकलेली मुलं यांची तुलना एमडीआरसी या संशोधन संस्थेने न्यूयॉर्कमधल्या अशा सात शाळांत केली. शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेण्याचं प्रमाण पी-टेकच्या मुलांमध्ये वाढलेलं दिसलं. सात वर्षांनी पाहिलं तेव्हा असोसिएट पदवी मिळवणारेही त्यांच्यात जास्त होते, आणि हा फरक मुख्यतः मुलग्यांमध्ये होता. फार मोठा फरक नाही, पण खरा. मुलींना तसाच लाभ का झाला नाही, याचा शोध या शाळांनी मनापासून घ्यायला हवा.

2013च्या ऑक्टोबरात अध्यक्ष ओबामा शाळेत येऊन गेले. त्याच्या आधीच, 2012मध्ये, शिकागोत आयबीएमच्याच साथीने अशी शाळा निघाली होती. तिला नाव दिलं सारा गुड यांचं: गुलामगिरीत जन्मलेल्या आणि 1885 साली घडीच्या पलंगाचं पेटंट मिळवणाऱ्या बाईंचं. तो पलंग मिटला की लिहायचं मेज होई. दाटीच्या घरात राहणाऱ्यांची अडचण बाईंना ठाऊक होती. आता हा नमुना वीसहून अधिक देशांत पोचला आहे.

कंपनीने शाळेत पाय ठेवला की ती आपल्यापुरते कामगार घडवणार, ही शंका रास्त आहे. इथे मला धीर देणारी गोष्ट एकच: पदवी सार्वजनिक विद्यापीठाची आहे. आयबीएमचं वचन नोकरीचं नाही. योग्य जागा निघाली तर या मुलांना रांगेत पुढे उभं करू, एवढंच आहे. मुलगा ती पदवी घेऊन हवा तिकडे जाऊ शकतो. 2015 साली पहिल्या तुकडीतल्या सहा जणांनी सहा वर्षांचा अभ्यास चारच वर्षांत पुरा केला. त्यांतले काही आयबीएममध्ये रुजू झाले, काही चार वर्षांच्या पदवीसाठी पुढे शिकायला गेले.