शेकाने गादी जागेवर बसते का?

जुहूच्या वाळूवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत साखर आणि रक्तदाब यांच्या खालोखाल बोललं जातं ते कमरेबद्दल. ‘गादी सरकलीय’, ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘नस दबलीय’ ही तिन्ही निदानं चालता चालता होतात, आणि मग प्रत्येकाजवळ एक पत्ता निघतो. कुणी पट्टा बांधायला सांगतो, कुणी कटिबस्ती. कुणी चिनी शेकाचं नाव घेतो: वाळक्या पाल्याची जाड विडी पेटवायची, कमरेपासून दोन बोटं लांब धरायची आणि दहा-पंधरा मिनिटं ऊब घ्यायची. याला मोक्सा म्हणतात. धुराचा वास गांजाच्या इतका जवळ जातो, की सोसायटीत खिडकी उघडी ठेवून हा उपचार करू नये हे बरं.

आधी गादीचं बघू, कारण गादी सरकत नाही. दोन मणक्यांमधली चकती वरखालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गर बाहेर डोकावतो, करंजीची कड फुटून सारण यावं तसा. बहुतेकदा हे कमरेच्या तळच्या दोन चकत्यांत घडतं. तो गर नसेच्या मुळाला टेकला आणि तिथे सूज आली, की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. हीच सायटिका, आपल्या वैद्यकातली गृध्रसी. ‘गॅप’ या शब्दाची तर गंमतच आहे. चकती झिजते तेव्हा दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, कमी होते. म्हणजे गॅप ‘आला’ म्हणतात तेव्हा खरं तर तो गेलेला असतो.

एमआरआयचा कागद हातात आला की माणूस निम्मा खचतो. पण ज्यांची कंबर दुखतच नाही अशा ३,११० जणांच्या तपासण्या २०१५ मध्ये एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत चकतीचा फुगवटा दिसला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग मोक्साचा शेक आत जाऊन ही चकती बसवतो का? नाही. वरून दिलेली ऊब त्वचेखाली फार तर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर पोचते. चकती त्याच्या कितीतरी खाली आहे, चरबी, जाड स्नायू आणि हाड यांच्या आड. म्हणून शेक थोतांड ठरत नाही. आखडलेला स्नायू सैल होतो, त्वचेतल्या ऊब ओळखणाऱ्या नसा दुखण्याचा निरोप मंद करतात, आणि रात्री कूस बदलता येते. नुकत्याच धरलेल्या कमरेला उबेने थोडा, थोड्या काळापुरता आराम पडतो, असं उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ मधल्या आढाव्यात आहे. अमेरिकी फिजिशियन संघटनेनेही २०१७ मध्ये अशा दुखण्याला गोळ्यांच्या आधी शेक सुचवला. फक्त ही ऊब मोक्साची होती असं नाही. निर्गुडीचा पाला, मिठाची पुरचुंडी, तव्यावर तापवलेलं फडकं यांची ऊबही तेच काम करते. खास मोक्साचे बहुतेक अभ्यास चीनमधले आहेत, आणि त्यांत एक मूळचीच अडचण आहे: आपल्याला खरा शेक मिळतोय की खोटा, हे रुग्णापासून लपवायचं कसं? पाठ तापते आणि खोली धुराने भरते.

‘पण मला तर गुण आला!’ असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं. २०१५ च्या एका आढाव्यात पूर्ण तुटून पडलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप आक्रसले होते. नुसता फुगवटा असलेल्यांत हेच प्रमाण १३ टक्के होतं. अहवालात जे सगळ्यात भीषण दिसतं, तेच विरघळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पुष्कळांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं, आणि त्या वेळी चालू असलेला उपचार, मग तो कोणताही असो, श्रेय घेऊन जातो.

हे सगळं परकं आहे, हाही एक समज. मोक्साचं झाड आपल्या दवण्याच्या कुळातलं. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा या झाडाचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ. डाग देऊन दुखणं शमवण्याचं अग्निकर्म सुश्रुतसंहितेत आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले म्हणून ॲक्युपंक्चरच्या सुया आणि त्यांच्या जोडीने दिला जाणारा हा शेकही त्यांनीच आणला, असं मानणारे भेटतात. पण कोटणीस तिथे युद्धात शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ॲक्युपंक्चर शिकून कोलकात्यात रुजवलं ते त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. महाराष्ट्रात आता त्यासाठी २०१५ चा कायदा आहे. जिथे जायचं तिथली नोंदणी विचारायला संकोच करू नये.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हा समज मात्र महागात पडतो. दबलेल्या नसेमुळे पोटरी किंवा पाऊल बधिर झालेलं असतं, आणि माणूस शेक नेमका तिथेच घेतो. चटका कळतच नाही. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो, कारण पाय अनेकदा आधीच सुन्न असतात आणि फोड भरता भरत नाही. बधिर जागेवर विडी, गरम पाण्याची पिशवी, वीट, काहीच ठेवू नये. दम्याच्या माणसाने धूर टाळावा.

आणि शेकाची वेळच नसते असाही एक प्रसंग असतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर तळच्या नसांचा सगळा झुबकाच दाबला जात असतो. तेव्हा वाळूवरचे सल्ले तिथेच सोडायचे आणि त्याच तासाला रिक्षा करून मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा. अशा वेळी लागणाऱ्या शस्त्रक्रियेची मुदत दिवसांत नाही, तासांत मोजतात.